कच्च्या खडकात खाणकाम: आधी 'किती वेळ?' विचारा

रॉक मेकॅनिक्समध्ये पीएचडी करायचा विचार असेल, तर तुमचा पहिला प्रश्न बहुधा 'खडक किती मजबूत?' हाच असणार. कच्च्या खडकात तो पुरत नाही. तिथं विचारायचं असतं: केवढी पोकळी, आधाराशिवाय, किती वेळ टिकेल?

बिएनियाव्स्की यांच्या आरएमआर पद्धतीत खडकाला १०० पैकी गुण मिळतात. १९८९ च्या कोष्टकानुसार ४१ ते ६० गुणांचा खडक ५ मीटर रुंदीवर साधारण आठवडाभर टिकतो, २१ ते ४० गुणांचा २.५ मीटरवर दहा तास, आणि त्याखालचा १ मीटरवर जेमतेम अर्धा तास. म्हणजे पोकळी लहान ठेवायची आणि आधार लवकर द्यायचा. आमच्या सावद्याकडे तापीच्या गाळात विहीर खणतानाही हेच करतात: जसं खणायचं, तसं बांधत जायचं.

आता नागपूर-भंडाऱ्याकडे या. मॉइलच्या चिखला, कांद्री, गुमगाव या खाणींत जमिनीखालून मँगनीज काढतात. या पट्ट्यात मँगनीजच्या सोबतीला अभ्रकी शिस्ट असतो. त्याची पानं सुटतात, म्हणून भिंत मोठी उघडी ठेवणं धोक्याचं. इथली पद्धत 'कट अँड फिल'. खालून सुरुवात करून खनिजाचा एक आडवा काप काढायचा, छताला बोल्ट मारायचे, मग पाण्यासोबत वाळू सोडून पोकळी भरायची. पाणी झिरपून जातं, वाळू बसते. त्याच वाळूवर उभं राहून वरचा काप घ्यायचा. वाळू भिंतींना धरते आणि कामगारांना जमीन देते.

पण डोक्यावरचं छत खनिजाचंच असतं. तेच ठिसूळ असेल तर? मग क्रम उलटा: वरून खाली यायचं, आणि सिमेंट मिसळलेल्या भरावाचं छत करून त्याखाली काम करायचं. खर्च वाढतो, पण माणसं सुटत्या खडकाखाली उभी राहत नाहीत.

संशोधनासाठी एक गोष्ट लक्षात ठेवा. प्रयोगशाळेत दाबून बघायला अखंड नमुना लागतो. ड्रिलिंगमध्ये ज्याचा चुराच हाती आला, त्याची चाचणी होतच नाही. त्यामुळे सरासरी ताकद खऱ्यापेक्षा जास्त दिसते, आणि छत नेमकं त्या चुऱ्याच्या जागी सुटतं. म्हणून कुठलाही पेपर वाचताना आधी दोन गोष्टी शोधा: किती कोर हाती आला, आणि पोकळी किती दिवस उघडी होती. त्या सापडल्या नाहीत, तर तुमच्या संशोधनाचा प्रश्न कदाचित तिथंच आहे.