कुंडीतला हस्त बहार

एप्रिल २०२२मध्ये बाजारात एकेक लिंबू दहा-पंधरा रुपयांना विकलं गेलं आणि पानात लिंबाची फोड हवीच अशा घरांतही ती मोजून वाढली जाऊ लागली. त्या वर्षी भाव फारच भडकले. पण उन्हाळ्यात लिंबू महागतं, हे दरवर्षीचंच. त्याचं एक मोठं कारण आदल्या पावसाळ्यात दडलेलं असतं.

कागदी लिंबाला वर्षभर थोडीफार फुलं येतात. तरी बागायतदार तीन बहार मानतात. जानेवारी-फेब्रुवारीतला आंबे बहार, जून-जुलैतला मृग आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधला हस्त. फुलापासून काढणीपर्यंत पाच-सहा महिने जातात, म्हणजे ऐन उन्हाळ्यातल्या सरबताचं लिंबू हस्ताचं. हा बहार धरायचा तर झाडाला आधी ताण द्यावा लागतो. पाणी तोडलं की नवी पालवी थांबते, फांद्यांत अन्नसाठा होतो आणि पुन्हा पाणी मिळताच झाड फुलावर येतं. पण ऑगस्ट-सप्टेंबरात धो धो पाऊस पडत असताना शेतातल्या झाडाचं पाणी तोडणार कसं?

कुंडीचं तसं नाही. ती गॅलरीच्या छपराखाली सरकवली की पाऊस बंद. थोडीशी माती हा कुंडीतल्या झाडाचा तोटा समजला जातो. ताण देताना तोच मोठा फायदा ठरतो. मात्र शेतातल्यासारखा महिनाभराचा ताण इथे देऊ नये, झाड वाळून जाईल. दुपारी मलूल झालेली पानं संध्याकाळीही नीट ताठ होईनाशी झाली की ताण पुरे. मग चांगलं कुजलेलं शेणखत घालायचं आणि पाणी आधी बेतानं, नंतर नेहमीसारखं द्यायचं. कोवळ्या रोपावर हा प्रयोग करू नये.

रोप कुठलं घ्यावं? कागदी लिंबाच्या एकाच बीतून अनेकदा दोन-तीन रोपं उगवतात आणि त्यांतली बरीचशी मूळ झाडाच्याच पेशींपासून तयार झालेली असतात. म्हणून बियांपासूनची रोपंही आईच्या वळणावर जातात आणि बागायतदार ती निर्धास्त लावतात. पण त्यांना फळ धरायला चार-पाच वर्षं लागतात. गॅलरीसाठी गुटी किंवा कलमच बरं, ते फळावर लवकर येतं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची ‘साई सरबती’ ही चांगली जात. कलमाच्या जोडाखालून फुटवा आला तर लगेच काढावा. तो जंबेरीसारख्या खुंटाचा असतो आणि वरच्या झाडाचं अन्न पळवतो.

जिथे दिवसाला पाच-सहा तास थेट ऊन येत नाही, तिथे लिंबू लावूच नये. पानं हिरवीगार राहतील, फळाची वाट पाहावी लागेल.

कुंडीतली लिंबं तहानेपेक्षा जास्त पाण्यानं मरतात. बोट दोन इंच मातीत खुपसून बघावं. ओल लागली तर पाणी नको. कुंडीखालच्या बशीत पाणी साठू देऊ नये, मुळं कुजतात. बोअरच्या जड पाण्यानं मातीवर पांढरा थर धरतो, आणि मग नवी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या दिसू लागतात. लोह मातीत असूनही मुळांना मिळत नसल्याची ती खूण. अशा वेळी चिलेटेड लोहाची फवारणी उपयोगी पडते, आणि पावसाचं साठवलेलं पाणी त्याहून.

कोवळ्या पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखं काही दिसलं, तर ती अळी समजावी. काळ्या-पिवळ्या फुलपाखराची ही अळी मोठी झाली की हिरवी होते. काडीनं डिवचलं, तर डोक्यामागून दुभंगलेलं तांबूस शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. हातानं उचलून दूर केली तरी पुरतं, विषारी फवाऱ्याची गरज नाही. पानावर चांदीसारख्या नागमोडी रेघा दिसल्या तर नागअळी. तिच्या जखमांतून खैऱ्या रोगाचे जिवाणू सहज शिरतात, म्हणून अशी पानं खुडून टाकावीत.

पेटीत-कुंडीत लिंबू वाढवणं तसं नवं नाही. फ्रान्समध्ये व्हर्सायच्या राजवाड्यात चौदाव्या लुईसाठी १६८४ ते १६८६ दरम्यान ओरांजरी, म्हणजे संत्र्या-लिंबांची झाडं जपायची इमारत, उभी राहिली. तिथे आजही हजाराहून अधिक झाडं लाकडी पेट्यांत वाढतात, त्यांत संत्री-लिंबं पुष्कळ. व्हर्सायच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या त्या पेट्यांच्या बाजू उघडता येतात, मुळं हाताशी यावीत म्हणून. आपल्या अठरा इंची कुंडीला अशी सोय नसते. म्हणून दर दोन-तीन वर्षांनी झाड मातीच्या गोळ्यासकट बाहेर काढावं, कडेनं गोल फिरलेली मुळं इंचभर छाटावीत आणि माती, शेणखत, वाळू नि मूठभर निंबोळी पेंड असं ताजं मिश्रण भरून ते पुन्हा लावावं. पावसाळ्याच्या तोंडाशी हे काम सोपं जातं. पुढचे आठ-दहा दिवस झाड सावलीत ठेवावं, आणि नवी पालवी दिसेपर्यंत खताला हात लावू नये.