यथादर्शन दुरुस्ती

यथादर्शन दुरुस्ती म्हणजे वास्तूच्या छायाचित्रात एकमेकींकडे झुकलेल्या दिसणाऱ्या उभ्या रेषा पुन्हा समांतर करण्याची प्रक्रिया होय. मंदिरे, किल्ले, वाडे इत्यादींच्या दस्तऐवजीकरणात तिचा उपयोग होतो. पूर्वी हे काम कॅमेऱ्याच्या रचनेतून किंवा डार्करूममध्ये केले जाई. आता ते बहुधा प्रतिमा संपादनाच्या सॉफ्टवेअरने केले जाते.

कारण

कॅमेऱ्याचा सेन्सर उभ्या भिंतीला समांतर असेल, तर भिंतीच्या उभ्या रेषा चित्रातही समांतर राहतात. उंच वास्तूचा माथा चौकटीत यावा म्हणून कॅमेरा वर कलवला की सेन्सरही कलतो. त्यामुळे वास्तूचा वरचा भाग तुलनेने लहान उमटतो, उभ्या रेषा वरच्या एका लोपबिंदूकडे झुकतात आणि इमारत मागे रेलल्यासारखी दिसते. बीड जिल्ह्यातील नारायणगड या वारकरी तीर्थक्षेत्रासारख्या उंचावरील ठिकाणी, खालून वर पाहत वास्तूचे छायाचित्र घेतल्यास हा परिणाम ठळक होतो. याउलट, बीड शहरातील कंकालेश्वर मंदिर पाण्याच्या कुंडात असल्याने ते काठावरून, अंतर राखून टिपता येते. अशा वेळी कॅमेरा जवळजवळ सरळ धरता येतो व दुरुस्तीची गरज कमी राहते.

इतिहास

जुन्या मोठ्या कॅमेऱ्यांत कॅमेरा सरळ ठेवून केवळ भिंग वर सरकवण्याची सोय असे. डार्करूममध्ये एन्लार्जरखालचा कागद तिरका ठेवूनही रेषा सरळ केल्या जात. ऑस्ट्रियन लष्करी अधिकारी थेओडोर शाइम्पफ्लुग यांनी हवाई छायाचित्रांतील अशा विकृतीच्या दुरुस्तीची पद्धत १९०४ मध्ये पेटंटद्वारे मांडली. पुढे लहान कॅमेऱ्यांसाठी सरकती, म्हणजेच शिफ्ट भिंगे उपलब्ध झाली.

कार्यपद्धती

गिंप, फोटोशॉप, लाइटरूम, डार्कटेबल इत्यादी सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे. प्रथम भिंगामुळे रेषांना आलेला बाक काढतात, कारण ती वेगळी विकृती आहे. नंतर प्रत्यक्षात उभ्या असलेल्या किमान दोन रेषा निवडतात. दाराच्या चौकटीच्या बाजू किंवा खांबांच्या कडा यासाठी सोयीच्या असतात. सॉफ्टवेअर त्यांवरून प्रतिमेचे प्रक्षेपी रूपांतर करते. चार बिंदूंची जुनी व नवी स्थाने दिली की असे रूपांतर पूर्णपणे निश्चित होते. शेवटी उंची व रुंदीचे प्रमाण तपासून रिकामे झालेले कोपरे कापले जातात. म्हणूनच छायाचित्र घेताना वास्तूभोवती मोकळी जागा सोडणे उपयुक्त ठरते.

मर्यादा

दुरुस्तीत चित्राचा वरचा भाग ताणला जातो. तेथील नवे पिक्सेल शेजारच्या पिक्सेलांवरून काढलेले असल्याने शिखर किंवा कळसाचा तपशील पुसट होऊ शकतो. कॅमेरा फार कललेला असल्यास, रेषा पूर्ण समांतर केल्यावर इमारत वर रुंदावल्याचा भास होतो; त्यामुळे अनेक छायाचित्रकार थोडा झुकाव राखतात.

वास्तूचा मूळ उतार आणि कॅमेऱ्याने निर्माण केलेला झुकाव यांत फरक करणे सर्वांत महत्त्वाचे असते. मंदिराचे शिखर, दीपमाळ, किल्ल्याचा बुरूज किंवा दौलताबादचा चांद मिनार या रचना मुळातच वर निमुळत्या होतात. त्यांच्या कडा संदर्भरेषा म्हणून घेतल्यास वास्तूचा आकारच बदलतो. अशा ठिकाणी केवळ मध्यअक्ष उभा असल्याची खात्री करतात. तसेच जुन्या वाड्याची भिंत खरोखरच कलली असेल, तर तो कल वास्तूच्या स्थितीचा पुरावा असतो. तो सरळ केल्यास पुढील अभ्यासकाची व जतन करणाऱ्याची दिशाभूल होते. त्यामुळे दस्तऐवजी छायाचित्रांत मूळ फाइल जपून ठेवणे व केलेल्या दुरुस्तीचा उल्लेख वर्णनात करणे आवश्यक मानले जाते.