दहा मिनिटांचं रॉक

रॉक बँड ओपन माइकला जायचा म्हटलं की पहिली अडचण येते ड्रमसेटची. बास ड्रम, स्नेअर, दोन-तीन टॉम, हाय-हॅट, क्रॅश, राइड, प्रत्येकाचा वेगळा स्टँड आणि वर बसायचं स्टूल. हे सगळं पिशव्यांतून काढून, उंच-सखल जुळवून वाजवण्याजोगं करायला अर्धा तास लागतो. ओपन माइकवर मिळतात दहा मिनिटं. शिवाय जागा म्हणजे बहुतेक वेळा एखादा कॅफे, वन बीएचकेच्या हॉलपेक्षा जरासा मोठा. दोन माणसं समोरासमोर बसून बोलतात तो आवाज साधारण ६० डेसिबल असतो. ड्रमसेट मोकळ्या हाताने वाजवला तर शेजारच्याच्या कानावर १०० डेसिबलच्या वर जातो, आणि या मापात दर १० डेसिबलला आवाज कानाला सुमारे दुपटीने मोठा वाटतो. अशा खोलीत गाणाऱ्याचा एक शब्द लोकांपर्यंत पोचणार नाही.

मी ड्रमर आहे. आमचा चौघांचा बँड आहे: एक गातो आणि गिटार वाजवतो, दुसऱ्याकडे लीड गिटार, तिसरा बेसवर आणि ड्रमवर मी. गाणी आमची स्वतःची, मराठीत. चौघंही नोकरी करतो आणि सुट्टी बघून पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर, क्वचित गोवा अशी ओपन माइक गाठतो. ‘बँड आहे, तर मग कॉलेजच्या फेस्टिव्हलला, मोठ्या स्टेजवर का नाही वाजवत?’ असं घरचे, ऑफिसातले सगळे विचारतात. मोठं स्टेज मिळालं तर हवंच आहे. पण आमच्या गाण्यांना आज जो काही आकार आहे तो या छोट्या खोल्यांनी दिला.

ड्रमसेटच्या जागी मी काहोन नेते. प्लायवूडचा गुडघ्याएवढा उंच खोका, मागच्या बाजूला गोल भोक, पुढची फळी पातळ आणि तिच्या आतल्या अंगाला टेकलेल्या तारा. त्याच्यावरच बसायचं आणि दोन पायांच्या मधल्या फळीवर हाताने वाजवायचं. फळीच्या मधोमध तळहात टाकला की बास ड्रमसारखा खोल ठोका निघतो. वरच्या कडेला बोटं आपटली की तारा थरथरतात आणि स्नेअरसारखी चरचर येते. नाशिकला सूत्रसंचालन करणाऱ्या मुलाने मला विचारलं होतं, ‘ताई, तुमचा ड्रम कुठाय?’ मी त्याच्यावरच बसले होते.

या खोक्याचा जन्म पेरू देशाच्या किनाऱ्यावरचा. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांनी मालाच्या पेट्यांवर ताल धरला आणि त्यातून हे वाद्य घडलं. १९७७ मध्ये स्पेनचा फ्लामेंको गिटारवादक पाको दे लुसिया पेरूला गेला असताना त्याने ते ऐकलं, सोबत नेलं, आणि बघता बघता ते फ्लामेंकोचंच होऊन गेलं. तिथून ते जगभरच्या छोट्या मैफलींत पसरलं. पेरूने २००१ मध्ये काहोनला राष्ट्रीय वारशाचा दर्जा दिला. मी कॉलेजात असताना गणपतीत ढोलपथकात वाजवायचे, एका हातात टिपरू आणि दुसऱ्या हाताची थाप. ती थाप इथे कामी आली. काठ्यांनी ड्रम वाजवणाऱ्याला काहोनवर तळहाताचं वजन कुठे टाकायचं ते नव्याने शिकावं लागतं.

आता ओपन माइक म्हणजे काय ते सांगते, कारण पुण्या-मुंबईबाहेर अजून बऱ्याच जणांनी ते पाहिलेलं नसतं. कॅफे किंवा छोटा हॉल एक संध्याकाळ मोकळा ठेवतो. इन्स्टाग्रामवर जाहिरात येते, फॉर्म भरून नाव द्यायचं, नावांचा क्रम लागतो. कवी, शायरी म्हणणारे, स्टँड-अपवाले, गोष्ट सांगणारे आणि गाणारे, सगळे एकाच माइकवर. बोलणाऱ्यांना पाच-सात मिनिटं, गाणाऱ्यांना जरा जास्त. काही ठिकाणी सादर करणाऱ्याकडूनच प्रवेशशुल्क घेतात, मानधनाचा प्रश्नच नसतो. एखाद्या मुलीने वडिलांच्या आजारपणावरची कविता वाचली, चार माणसं डोळे पुसतायत, आणि पुढचं नाव आमचं. अशा वेळी आम्ही ठरलेलं पहिलं गाणं बाजूला ठेवतो आणि संथ गाण्याने सुरुवात करतो. हा निर्णय वायर लावता लावता, नजरेनेच घ्यायचा असतो. जॅमरूममध्ये तासाचं भाडं भरून कितीही तालीम केली तरी ही गोष्ट तिथे शिकायला मिळत नाही.

अमेरिकेत ही रीत जुनी. न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये १९६० च्या सुमाराला गर्डीज फोक सिटीसारख्या ठिकाणी सोमवारची रात्र नवख्यांसाठी असायची. बॉब डिलनही त्या स्टेजवर गायलेला. नॅशव्हिलचा ब्लूबर्ड कॅफे १९८२ मध्ये सुरू झाला. एका साध्या दुकानांच्या रांगेतली, जेमतेम नव्वद खुर्च्यांची जागा. टेलर स्विफ्ट तिथे वाजवत असताना एका रेकॉर्ड कंपनीच्या माणसाच्या नजरेत भरली, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. मला त्या कॅफेची वेगळीच गोष्ट आवडते: गाणं चालू असताना तिथे बोलायचं नाही. कुजबुज झाली तर गप्प राहायला सांगतात. आपल्याकडे नेमकं हळव्या ओळीला कॉफीचं ग्राइंडर सुरू होतं. कॅफेवाल्याचाही धंदा आहे, त्याला नाव ठेवणार नाही. पण जिथे मालक स्वतः दहा मिनिटं मशीन थांबवतो त्या जागा आम्हाला नकाशासारख्या पाठ आहेत.

आवाजाची व्यवस्था हा आणखी एक मोठा विषय. कॅफेतल्या मिक्सरला मोजकीच चॅनेल असतात. गाणाऱ्याचा माइक, दोन गिटार, बेस, काहोन म्हटलं की जागा संपते. अँप्लिफायर नसतोच, म्हणून इलेक्ट्रिक गिटार सरळ मिक्सरमध्ये घातली तर डास गुणगुणल्यासारखी किरकिरी वाजते. यावर उपाय म्हणजे पायाशी ठेवायचा प्रोसेसर. तो अँप आणि स्पीकरच्या पेटीचा गुण नकलेने आणून देतो. बेसला डीआय बॉक्स लागतो. वाद्याचा नाजूक सिग्नल लांब वायरमधून जाताना त्यात खरखर शिरू नये, हे त्याचं काम. आमचा बेसवाला स्वतःचा डीआय खिशात घेऊनच फिरतो. काहोनचा माइक मी मागच्या भोकाशी, किंचित तिरका ठेवते. अगदी समोर धरला तर हवेचा झोत माइकवर येतो आणि नुसता भपका ऐकू येतो.

आणि शिट्टी. स्पीकरमधला आवाज माइकमध्ये शिरतो, तो पुन्हा मोठा होऊन स्पीकरमधून येतो, पुन्हा माइकमध्ये. हे चक्र क्षणात कान फाडणारी शिट्टी देतं, तोच फीडबॅक. गाण्यासाठी जगभर वापरला जाणारा शुअरचा एसएम ५८ हा माइक १९६६ पासून बाजारात आहे. तो समोरचा आवाज जास्त घेतो आणि पाठीमागचा फारसा घेत नाही, म्हणून मॉनिटर स्पीकर त्याच्या पाठीशी ठेवायचा. जाळीच्या खालच्या बाजूला ज्या फटी असतात त्यांच्यामुळे त्याला हा गुण येतो. पुष्कळ तरुण गायक आणि रॅपर जोशात येऊन जाळीच मुठीत धरतात. फटी बुजतात, माइक चारी बाजूंनी ऐकायला लागतो आणि शिट्टी सुरू. आपल्या आधीचा कुणी असं करताना दिसला की आमचा गायक मध्यंतरात त्याच्याजवळ जाऊन हळूच सांगतो, ‘भावा, हात जरा खाली.’ कुणाला राग आल्याचं आठवत नाही.

मुंबईत आणि पुण्यात रॉक हे परक्याचं संगीत आहे असं मानणाऱ्यांना मी नेहमी १९७२ ची हकीकत सांगते. लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट तेव्हा मुंबईत होते. इथल्या वादकांना घेऊन त्यांनी ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ही आपली गाणी ध्वनिमुद्रित केली. ती अधिकृतपणे प्रसिद्ध व्हायला २०१५ उजाडलं. त्याच मुक्कामात कुलाब्याच्या स्लिप डिस्क नावाच्या डिस्कोथेकमध्ये ते स्थानिक मुलांबरोबर, तिथलीच वाद्यं उसनी घेऊन वाजवायला उभे राहिले. जगातला सर्वात मोठा रॉक बँड, हातात परकी गिटार आणि समोर अवचित जमलेली माणसं. आम्ही दर वेळी याच अटींवर वाजवतो.

पुढे १९८६ मध्ये इंडिपेन्डन्स रॉक हा महोत्सव सुरू झाला आणि धोबीतलावचं रंगभवन हे मुंबईच्या रॉकचं घर झालं. मोकळ्या आकाशाखाली हजारो पोरं. रॉक मशीनसारख्या बँडने इंग्रजी गाण्यांच्या नकला सोडून स्वतःची गाणी लिहिली, १९८८ मध्ये त्यांचा अल्बम आला. पुढे हाच बँड इंडस क्रीड झाला. मग २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. रुग्णालय, शाळा, न्यायालयाभोवतीचे किमान १०० मीटर शांतता क्षेत्र. रंगभवनाच्या आसपास रुग्णालयं आणि कॉलेज आहे, तिथलं संगीत थांबलं. हा नियम योग्यच आहे. आजारी माणसाच्या उशाशी रॉक वाजू नये. माझं दुःख एवढंच आहे की त्याच्या बदल्यात शहराने गाणाऱ्या पोरांना तशी हक्काची, परवडणारी जागा बांधून दिली नाही. मग खाजगी जागा आल्या आणि गेल्या. लोअर परळच्या मथुरादास मिलमधला ब्लू फ्रॉग २००७ मध्ये उघडला, २०१६ मध्ये मिटला. २०१० पासून पुण्यात एनएच७ वीकेंडरसारखे मोठे महोत्सव झाले, पण महोत्सवाच्या स्टेजवर जायला आधी कुठेतरी वाजवून वाजवून तयार व्हावं लागतं. मधल्या आकाराच्या जागा फार थोड्या उरल्या, म्हणून आज नव्या बँडला हाताशी असतं ते ओपन माइकच.

गोव्याचा अनुभव निराळा. तिथल्या चर्चच्या शाळांमधून पिढ्यान्‌पिढ्या पोरांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवलं गेलं. मुंबईच्या हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट यांच्यासारखे गोव्याचे वादक आणि अरेंजर होते ते काही योगायोगाने नाही. तिथल्या ओपन माइकवर आमच्या गाण्याचं ध्रुवपद दुसऱ्यांदा आलं की मागच्या टेबलावरचे आजोबा त्याला वरचा सूर लावतात. शब्द समजले नसले तरी सूर अचूक. गायक त्या रात्री वेगळाच गातो.

या फिरण्यात पैसे मिळत नाहीत, जातात. पेट्रोल, टोल, जेवण, सगळ्याची कॉन्ट्री काढायची. मुंबईला ट्रेनने गेलो तर गिटार वरच्या रॅकवर आणि काहोन माझ्या खाली; सीट मिळाली नाही तरी माझी सोय झालेली असते. कोल्हापूरला एसटीचा कंडक्टर खोक्याला लगेज लावू की नको या विचारात पडतो. वाजवून दाखवलं की बहुधा लावत नाही.

गाण्यांवर झालेला परिणाम मात्र पैशांत मोजता यायचा नाही. आमच्या एका गाण्याला सुरुवातीला मोठा गिटारचा आलाप होता. जॅमरूममध्ये तो आम्हाला फार भारी वाटायचा. ओपन माइकवर तो चालू असताना लोकांचे फोन उजळायचे आणि शब्द सुरू झाले की विझायचे. दोन-तीन शहरांत तेच दिसलं, आलाप कापला. लीडवाल्याला ते जड गेलं, पण कात्री त्यानेच चालवली. मराठीचा प्रश्न आणखी वेगळा आहे. इंग्रजी रॉकचा ताल मनात ठेवून चाल बांधली की ऱ्हस्व अक्षर ताणलं जातं आणि दीर्घ अक्षर गिळलं जातं. ड्रमसेटच्या गदारोळात ते झाकून जातं. काहोन आणि एका गिटारवर, तीन हातांवर बसलेल्या माणसासमोर, ते उघडं पडतं. ऐकणाऱ्याच्या कपाळावर आठी दिसते. आता आम्ही आधी ओळ नुसती बोलून बघतो, मी मांडीवर ठोका धरते, आणि बोलण्यात जिथे वजन पडतं तिथेच पहिला ठोका ठेवतो. मग हेच गाणं मोठ्या स्टेजवर पूर्ण ड्रमसेटवर वाजवलं तरी शब्द वर तरंगतात.

स्वतःची गाणी गाण्याचा एक व्यावहारिक फायदाही आहे. दुसऱ्याचं गाणं सार्वजनिक जागी वाजवायचं तर परवाना लागतो. इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी १९६९ पासून गीतकार-संगीतकारांच्या वतीने ते पैसे गोळा करते. आपल्या गाण्याला कुणाला विचारावं लागत नाही. लोक फर्माइश करतात तेव्हा आम्ही हसून पुढचं आपलंच सुरू करतो. सातारा रस्त्यावरच्या एका कॅफेत कार्यक्रमानंतर एक काकू आल्या आणि आमच्या गाण्याचे शब्द वहीत लिहून द्या म्हणाल्या. गायकाने उभ्या उभ्या लिहून दिले. आमच्या ओळी कुणीतरी कागदावर मागितल्या, ही मला आजवरची सगळ्यात मोठी पावती वाटते.

एक गोष्ट मनाला लागते. ओपन माइकला बरेच जण आपल्या मित्राचं ऐकायला येतात आणि मित्राचं झालं की उठतात. आठ वाजता भरलेली खोली साडेनऊला रिकामी होते, आणि यादीत खाली नाव असलेल्या पोराने महिनाभर बसवलेलं गाणं खुर्च्यांनाच ऐकावं लागतं. आम्ही चौघांनी ठरवून टाकलंय: आपला नंबर कितवाही असो, शेवटच्या माणसापर्यंत बसायचं, मग शेवटची बस चुकली तरी चालेल. तुम्ही कधी गेलात तर तुम्हीही बसा. बँडची मांडामांड सगळ्यात जास्त असते, त्यामुळे यादीत आमचं नाव बहुतेक वेळा शेवटीच असतं.