एसटीत बसताना पिशवीत काय ठेवाल?



१७ मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला निम्मं तिकीट झालं आणि आपल्या गटांतल्या बायकांचं जाणं-येणं वाढलं. कधी बँकेचं काम, कधी प्रशिक्षण, कधी दवाखाना, कधी लेकीकडे. वणीहून नाशिकला जायला सव्वा-दीड तास आणि यायला तेवढाच. म्हणजे एका फेरीत जवळजवळ तीन तास आपण नुसत्या बसलेल्या असतो. घरी असं तीन तास कोणी बसू देतं का? चहा टाक, गुरांकडे बघ, पोराचा डबा भर, हे चालूच. गाडीत मात्र आपल्याला कोणी हाक मारत नाही. म्हणून या वेळेत काय वाचावं, काय ऐकावं, याबद्दल आज बोलायचं ठरवलं.

आधी आमचीच एक फजिती सांगतो. आमच्या गटातल्या आम्ही चौघी कर्जाच्या कामासाठी नाशिकला निघालो होतो. कागद आदल्या दिवशीच हातात आले होते, आणि मराठीत होते. गाडीत बसायला जागाही मिळाली. पण कागद राहिले पिशवीत आणि आम्ही मोबाइलवर एकामागून एक रील बघत गेलो. तिथे पोहोचल्यावर घाई झाली, सह्या करून मोकळ्या झालो. परत येताना दिंडोरी मागे पडली आणि एकीने सहज कागद काढून वाचायला घेतले. दुसऱ्या पानावर विम्याचा हप्ता आणि प्रक्रिया शुल्क लिहिलेलं होतं. ते पैसे कर्जातून आधीच कापले जाणार होते. ऑक्टोबर छाटणीच्या औषधांसाठी आम्ही रक्कम मोजून मागितली होती, ती तेवढ्याने कमी पडली. चूक कोणाची, यावर गाडीतच वाद झाला. एक म्हणाली, त्यांनी तोंडाने सांगायला हवं होतं. तेही खरंच. पण जाताना दीड तास ती पिशवी आमच्याच मांडीवर होती.

त्या दिवसापासून आम्ही एक गोष्ट पाळतो. काय वाचायचं, काय ऐकायचं, ते घरातून निघायच्या आधी ठरवायचं. गाडीत बसल्यावर बघू म्हटलं, की आपल्याऐवजी मोबाइलच ठरवतो.

जाताना पहिला मान कामाच्या कागदाला द्या. ज्या कामाला निघालो, त्याचा कागद जाताना एकदा सगळा वाचायचा आणि न समजलेल्या ओळीखाली पेनाने रेघ मारायची. उतरल्यावर ती रेघ दाखवून विचारायचं. वर्षाचं उत्पन्न तीन लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबाला विनातारण सूक्ष्म कर्ज देताना त्याचं माहितीपत्रक द्यावं लागतं, आणि तेही कर्जदाराला समजेल अशा भाषेत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ एप्रिल २०२२ पासून आहे. व्याज किती, शुल्क किती, विमा किती, हे त्यात असतं. पण पत्रक दिलं तरी ते वाचायचं काम आपलंच राहतं.

दुसरं, रस्ता बघा. चालत्या गाडीत वाचताना पुष्कळ जणींना मळमळतं. त्याचं कारण असं : आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारा भाग असतो. गाडी वळते, गचके खाते, ते त्याला कळतं. डोळे मात्र पुस्तकाच्या पानावर असतात आणि पान तर हलत नाही. कान सांगतो हलतोय, डोळा सांगतो स्थिर आहोत. त्या ओढाताणीत डोकं गरगरतं, पोट ढवळतं. म्हणून नांदुरीहून सप्तशृंगी गडाचा घाट चढताना पुस्तक मिटून ठेवा. नजर खिडकीतून लांब डोंगरावर ठेवा आणि कानाने ऐका. वाचन सरळ रस्त्यावर करा, किंवा स्टँडवर गाडीची वाट बघताना. तिथे तर अर्धा-अर्धा तास जातो. चाळिशी लागलेल्यांनी चष्मा पिशवीत आधी टाकावा, पुस्तक नंतर.

तिसरं, पुस्तक प्रवासाच्या मापाचं घ्या. गाडीत कंडक्टर येतो, ओळखीचं कोणी भेटतं, लेकरू रडतं. वाचन मध्येच तुटतं. म्हणून ज्याचा एकेक तुकडा आपला आपण पुरा होतो, असं निवडा. बहिणाबाई चौधरींच्या कविता घ्या. त्या शेतात आणि घरात काम करता करता त्यांनी रचल्या आणि त्यांच्या पश्चात १९५२ साली पुस्तकरूपात आल्या. दोन थांब्यांच्या मध्ये एक कविता वाचून होते आणि पुढचा रस्ताभर डोक्यात घोळत राहते. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ही अशीच. लक्ष्मीबाई आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या, जन्म १८६८ चा. शाळा त्यांना मिळाली नव्हती, लिहिणं-वाचणं लग्नानंतर शिकल्या. पुढे त्यांनी आपल्या संसाराच्या आठवणी लिहिल्या आणि १९३४ पासून त्या भागाभागाने पुस्तकरूपात आल्या. पुस्तक जाड दिसतं, पण आठवणी छोट्या छोट्या आहेत. एका फेरीत दोन-तीन सहज होतात. मात्र एकटीने हसत बसायची तयारी ठेवा.

आता ऐकण्याचं. आपल्या सामुदायिक रेडिओचा आवाज मनोऱ्यापासून साधारण १० ते १५ किलोमीटर जातो. मध्ये डोंगर आला तर त्याच्याही आत थांबतो. म्हणून गाडी लांब गेली की आमचा आवाज खरखरायला लागतो, त्यात तुमच्या मोबाइलचा दोष नाही. नाशिककडे जाताना पुढे आकाशवाणीचं नाशिक केंद्र १०१.४ एफएमवर लागतं. मोबाइलमध्ये एफएम असेल तर वायरचा इअरफोन लावा. त्याची वायरच एरियलचं काम करते.

एफएम नसेल तर घरीच ऐकायचं उतरवून घ्या. रस्त्यात रेंज जाते आणि नेटही संपतं. साध्या दर्जाचं नुसतं ऐकायचं असेल तर तासाला साधारण ३० एमबी लागतात, व्हिडिओला त्याच्या कितीतरी पट. शिवाय ऐकताना डोळे मोकळे राहतात. पिशवीवर लक्ष राहतं.

काय उतरवावं? आम्हाला सगळ्यात आवडल्या त्या जात्यावरच्या ओव्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या पुष्कळ आता ‘परी’ या संकेतस्थळावर बायकांच्या स्वतःच्या आवाजात फुकट ऐकायला मिळतात. आमच्या गटातली एक मावशी शाळेची पायरी चढलेली नाही. पुस्तकाचा विषय निघाला की ती गप्प बसायची. ओव्या ऐकल्यावर म्हणाली, ‘ही तर माझ्या आईची ओवी, पण हिने शेवट वेगळा केलाय.’ मग गाडीत तिने आपला शेवट म्हणून दाखवला आणि मागच्या सीटवरच्या बायका पुढे वाकल्या. चैत्रात खानदेशातून पायी गडाला येणारी माणसं गाणी म्हणतच वाट तोडतात. प्रवासात ऐकणं आपल्याकडे मोबाइलच्या आधीपासून आहे.

ज्यांना वाचता येत नाही त्यांना मागे ठेवू नका. एकीने हळू आवाजात वाचावं, शेजारणीने ऐकावं. कर्जाचा कागदही असाच वाचा. ऐकणारीच नेमका प्रश्न विचारते, हा आमचा अनुभव आहे.

दोन पथ्यं पाळा. इअरफोन एकाच कानात घाला. कंडक्टरची हाक आणि आपला थांबा दुसऱ्या कानाला कळला पाहिजे. दुसरं, आवाज मोबाइलच्या निम्म्याच्या आसपासच ठेवा. एसटीच्या खडखडाटावर मात करायला आपण आवाज वाढवत जातो आणि त्याने कान कायमचे बिघडू शकतात. इअरफोन नसेल तर मोठ्याने लावू नका. शेजारचं माणूस दवाखान्यातून येत असेल, त्याला झोप हवी असेल.

पुस्तकं आणायची कुठून, असं तुम्ही विचाराल. गावातल्या सार्वजनिक वाचनालयाची वर्गणी चौकशी करून भरा. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमात वाचणाऱ्यांच्या गटाला पुस्तकांची पेटी मिळते. हा उपक्रम नाशिकचाच. महिन्याच्या बैठकीत आपल्या गटाने असा अर्ज करण्याचा ठराव घ्यायला हरकत नाही. आणि कधी मुंबई-आग्रा महामार्गाने गेलात तर ओझरजवळ भीमाबाई जोंधळे यांचं पुस्तकांचं हॉटेल बघा. जेवण येईपर्यंत गिऱ्हाइकं मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात, हे पाहून या आजींनी टेबलावर पुस्तकं ठेवली. सुरुवात थोड्या पुस्तकांवर झाली, आज तिथे काही हजार आहेत. प्रवासी ऑर्डर देतो आणि पान उघडतो.

शेवटी एक. रोज गाडीत वाचलंच पाहिजे असं नाही. रात्रभर आजारी माणसाजवळ जागलेली बाई खिडकीला डोकं टेकून झोपली, तर तो तिचा हक्क आहे. बाहेर द्राक्षाच्या बागा बघत बसलात तरी चालेल. फक्त तो तास तुम्ही स्वतः निवडा.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने एक सांगायचं : गाडीत काय वाचलं किंवा ऐकलं आणि त्याचा काय उपयोग झाला. आमचा कर्जाचा कागद आम्ही घेऊन येऊ, रेघा मारलेला.

भेटू या. नमस्कार.