डोळ्यात लेन्स : कोणाला, कधी?

कर्वेनगरच्या वस्त्यांत आम्हाला नेहमी विचारतात, "ताई, लेन्स बसवली की चष्मा जातो ना?" पण लेन्सची ऑपरेशने दोन वेगळी आहेत.

पहिले मोतीबिंदूचे. गढूळ झालेले नैसर्गिक भिंग काढून तिथे कृत्रिम लेन्स बसवतात. लंडनमध्ये डॉ. हॅरोल्ड रिडली यांनी १९४९ साली ती प्रथम बसवली. १९९२ पासून मदुराईच्या ऑरोलॅबने स्वस्त लेन्स बनवल्या, तेव्हा ती गरिबांनाही परवडू लागली.

दुसरे मोठ्या नंबरचे. यात नैसर्गिक भिंग तसेच राहते, त्याच्यापुढे पातळ लेन्स बसते. साधारण २१ ते ४५ वय, वर्षभर न बदललेला नंबर आणि डोळ्यात पुरेशी जागा, हे सगळे लागते. बुबुळ पातळ असल्याने लेसर चालत नाही, त्यांना याचा उपयोग होतो. मात्र खर्च मोठा, आणि चाळिशीत वाचायचा चष्मा लागतोच. चष्म्याने नीट दिसत असेल तर यासाठी कर्ज काढू नका.

मोतीबिंदू मात्र पिकायची वाट बघू नका. फार पिकला की ऑपरेशन अवघड होते, डोळ्यातला दाबही वाढू शकतो. सरकारी रुग्णालयात हे ऑपरेशन लेन्ससकट मोफत होते. ससूनच्या नेत्रविभागात आजी-आजोबांना दाखवून घ्या. डोळा अचानक लाल होऊन दुखू लागला तर त्याच दिवशी न्या.