नको असलेले केस : लेसर की विजेची सुई?

लव्हाळा कितीही वेळा वरून कापला तरी पावसाची एक सर येताच तो पुन्हा डोके वर काढतो, कारण जमिनीतली गाठ तशीच राहिलेली असते. हे शेतकऱ्याला कुणी सांगावयास नको. चेहऱ्यावरील नको असलेल्या केसांचेही तसेच आहे. दोऱ्याने उपटले, वॅक्स लावले, मलमाने काढले, तरी त्वचेखालचे मूळ शाबूत असते आणि काही आठवड्यांत केस परत दिसू लागतात.

ओठांवर व हनुवटीवर केस आले म्हणून मुलगी चारचौघांत जाईनाशी होते, फोटो काढू देत नाही. स्थळ पाहावयास येणार म्हणून आईबाप कर्जाची भाषा करू लागतात. याला नटवेपणा म्हणून हसणे बरे नाही. तसेच शहरातील ‘केस कायमचे घालवा’ ही पाटी वाचून पैसे मोजून मोकळे होणेही बरे नाही. म्हणून या विषयाची माहिती आम्ही येथे देत आहोत.

आधी कारण शोधा

बाईच्या हनुवटीवर, छातीवर वा पोटावर जाड काळे केस येऊ लागले, पाळी अनियमित झाली, मुरमे व वजन वाढले, तर बहुधा पीसीओएस हा विकार असतो. लोक त्याला पीसीओडी म्हणतात. थोड्याच महिन्यांत केस झपाट्याने वाढले आणि आवाजही घोगरा झाला, तर एक दिवसही न दवडता डॉक्टरांकडे जावे. क्वचित आत गाठ असू शकते. काही औषधांनीही केस वाढतात. कारणावर उपचार झाला नाही तर नवे केस येतच राहतात. बांधावरून बी पडत राहिले तर नुसत्या निंदणीने शेत स्वच्छ राहत नाही.

विजेची सुई

हिला इलेक्ट्रॉलिसिस म्हणतात. अमेरिकेतील सेंट लुई येथील नेत्रवैद्य चार्ल्स मिशेल यांनी 1875 साली डोळ्यात टोचणाऱ्या पापण्यांच्या केसांसाठी ही रीत वापरल्याचे प्रसिद्ध केले. केसाच्या छिद्रात बारीक सुई घालून किंचित वीज सोडतात. विजेमुळे तेथे तीव्र क्षार तयार होतो, किंवा दुसऱ्या प्रकारच्या विजेने उष्णता निर्माण होते, आणि मूळ मरते. हे काम एकेका केसाचे, खुरपे घेऊन एकेक गाठ खणून काढण्यासारखे. केस काळा असो वा पांढरा, त्वचा गोरी असो वा सावळी, सुईला फरक पडत नाही. मात्र वेळ फार लागतो. नुसत्या हनुवटीसाठीही पुष्कळ बैठका लागतात, आणि सगळे काम पुरे व्हावयास वर्ष वा अधिक जाते.

लेसर

लेसरचा प्रकाश केसातील काळा रंग शोषून घेतो, त्याची उष्णता होते व मूळ जळते. एका झोतात अनेक केस सापडत असल्याने पाय, पाठ अशा मोठ्या भागासाठी हे सोयीचे. पण पांढऱ्या, पिकलेल्या वा अगदी बारीक लव असलेल्या केसांवर त्याचा उपयोग होत नाही. शिवाय वाढीच्या अवस्थेतील केसच त्याला सापडतात. म्हणून साधारण 4 ते 8 आठवड्यांच्या अंतराने 6 ते 8 बैठका घ्याव्या लागतात, पुढेही अधूनमधून एखादी. अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन लेसरला ‘केस कायमचे कमी करणे’ एवढेच म्हणू देते. ‘कायमचे काढणे’ हे शब्द सुईसाठी आहेत.

आपल्या सावळ्या त्वचेतही तोच काळा रंग असतो, म्हणून चुकीच्या यंत्राने त्वचाच भाजते, काळे वा पांढरे डाग राहतात. अशा त्वचेला 1064 नॅनोमीटरचे एनडी-याग हे लेसर अधिक सुरक्षित मानतात. काही पार्लरमध्ये लेसर म्हणून दाखवतात ते आयपीएल नावाचे वेगळे यंत्र असते. गडद त्वचेवर त्याने भाजण्याचा धोका अधिक. कधी कधी, विशेषतः चेहऱ्यावर, लेसरने केस उलट वाढतात हेही विचारून घ्यावे.

मग काय निवडावे?

केस काळे व जाड आणि भाग मोठा, तर लेसर. हनुवटीवर मोजकेच केस, किंवा केस पिकलेले, तर सुई. काहींना आधी लेसर आणि उरलेल्या तुरळक केसांना सुई, असे दोन्ही उपयोगी पडते.

लेसरपूर्वी 4 ते 6 आठवडे केस उपटू नयेत, कारण मूळ जागेवर हवे; दाढीच्या पात्याने काढलेले चालतात. पात्याने केस जाड होतात हा समज खोटा आहे. सुईसाठी मात्र चिमट्यात धरता येईल इतका केस वाढू द्यावा. उन्हाने रापलेल्या कातडीवर लेसर घेऊ नये. सुगीच्या, दिवसभर रानात राबण्याच्या दिवसांत त्याचा आरंभ करू नये. सुई दर वेळी नवी, पाकीट आपल्यासमोर फोडलेली हवी, नाहीतर कावीळ ‘ब’ व एचआयव्हीचे भय. हृदयात पेसमेकर असेल त्याने विजेची सुई टाळावी. गरोदरपणी दोन्ही पुढे ढकलावे. लेसरच्या वेळी डोळ्यांवर संरक्षक चष्मा पाहिजेच.

1896 साली व्हिएन्नाच्या डॉ. लिओपोल्ड फ्रॉइंड यांनी क्ष-किरणांनी केस घालवून दाखविले. पुढे अमेरिकेत दुकानादुकानांतून तो उपाय विकला गेला आणि कित्येक बायकांना जखमा व कर्करोग झाले. यंत्र नवे आहे एवढ्याने ते निर्धोक ठरत नाही.

तेव्हा पैसे भरण्यापूर्वी जिल्ह्याच्या रुग्णालयातील त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे, यंत्राचे नाव, बैठका व एकूण खर्च लिहून घ्यावा, आणि कानाजवळच्या थोड्या जागेवर चाचणी करून मगच पुढे जावे. सगळ्या बैठकांचे पैसे आगाऊ मागणाऱ्यापासून दूर राहावे. यासाठी जमीन वा दागिना गहाण टाकू नये. आणि घरात अशी मुलगी असेल तर तिला टोमणे मारू नयेत, डॉक्टरांकडे तिच्यासोबत जावे.