जुनी राजधानी आणि समुद्राकाठचे गाव : स्थलत्यागाचा एक विचार

भंडारा हे वैनगंगेच्या काठचे जुने शहर. परंतु हावडा-नागपूर-मुंबई लोहमार्गाने तेथे जाऊ इच्छिणारा प्रवासी प्रत्यक्षात उतरतो तो मोहाडी तालुक्यातील वरठी या गावी. स्थानकाचे नाव ‘भंडारा रोड’ असे आहे. शहर तेथून आठदहा किलोमीटर दूर राहते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत हा मार्ग झाला, तेव्हा जुन्या शहरातील वस्ती हळूहळू स्थानकाकडे सरकेल, असे कोणासही वाटणे स्वाभाविक होते. तसे घडले नाही. कचेऱ्या, न्यायालये, बाजारपेठ, पितळेची भांडी घडविणाऱ्या कारागिरांचे वाडे हे सर्व भंडाऱ्यासच राहिले. वरठी शंभर वर्षे दुसऱ्याचे नाव वागवीत स्थानकाचे गावच राहिली. १९८० नंतरच्या दशकात तेथे पोलादाचा कारखाना उभा राहिला आणि मग त्या गावास स्वतःचे असे काही आर्थिक कारण लाभले.

याउलट, जवळजवळ तितक्याच अंतरावरील दुसऱ्या एका ठिकाणी सव्वादोनशे वर्षांची भरभराटलेली राजधानी लोकांनी सोडली, आणि नारळीच्या बागा व दलदल यांच्यामध्ये वसलेले एक निवांत गाव पत्करले. हे उदाहरण गोव्याचे होय. गजबजलेले ऐतिहासिक शहर व समुद्रानजीकचे स्वस्थ गाव यांत निवड करण्याचा प्रश्न आज बहुधा सुट्टीच्या किंवा निवृत्तीच्या संदर्भात निघतो. जुने गोवे व पणजी यांच्या बाबतीत तो जीवनमरणाचा होता, आणि म्हणूनच अशी निवड वस्तुतः कोणत्या कारणांनी ठरते, हे तेथे अधिक स्पष्ट दिसते.

१५१० साली अल्बुकर्कने आदिलशाहीकडून गोवे घेतले. १५३० पासून मांडवीच्या दक्षिण तीरावरील हे शहर पोर्तुगिजांच्या पूर्वेकडील सर्व मुलखाची राजधानी झाले. होर्मुझपासून मलाक्कापर्यंतचा व्यापार येथून चाले. अरबस्तानातून येणारे घोडे येथे उतरत व विजयनगरच्या सैन्यात जात. चर्चे, मठ, इस्पितळ, शस्त्रागार, बंदरावरील जकात यांनी शहर भरून गेले. तथापि त्याच्या पायाखालीच एक दोष होता. तेथील भूमी जांभ्या दगडाची, पाणी झिरपू देणारी. दाट वस्तीतील शौचकूप व घरोघरच्या विहिरी एकमेकांजवळ असल्याने मैला विहिरींत उतरे. सोळाव्या शतकातच पटकीच्या मोठ्या साथी येऊन गेल्या. त्यानंतर हिवतापाने कायमचे ठाण मांडले. दूषित हवेमुळे रोग होतो, अशी त्या काळची समजूत होती. पटकीचा संबंध पाण्याशी आहे हे लंडनमध्ये जॉन स्नो याने १८५४ मध्ये दाखविले, आणि हिवतापाचा डासाशी असलेला संबंध रोनाल्ड रॉस याने १८९७ मध्ये सिकंदराबादेस सिद्ध केला. म्हणजे गोव्याच्या रहिवाशांना आपण कशाने मरतो हे कळण्याचा मार्गच नव्हता. कोठे मरतो एवढे मात्र त्यांना दिसत होते. ज्ञान अपुरे असूनही त्यांनी काढलेला निष्कर्ष व्यवहारतः बरोबर ठरला, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे.

परंतु केवळ रोगराईने राजधानी रिकामी होत नाही. तसे असते तर सतराव्या शतकापूर्वीच जुने गोवे ओस पडते. नफा आहे तोवर मनुष्य साथीशी तडजोड करतो. ती तडजोड ज्या आधारावर उभी होती, तोच पुढे ढासळला. १५६५ मध्ये विजयनगरचा पाडाव झाला व घोड्यांचे मोठे गिऱ्हाईक गेले. १६२२ मध्ये होर्मुझ, १६४१ मध्ये मलाक्का, १६६३ मध्ये कोची हातची गेली. डच गलबतांनी गोव्याच्या बंदराचीच वारंवार नाकेबंदी केली. मृत्यूचा धोका पूर्वीइतकाच राहिला आणि त्याचा मोबदला मात्र उरला नाही. येथे भंडाऱ्याशी असलेला भेद उघड होतो. भंडाऱ्याच्या रहिवाशास स्थानकापर्यंत जाण्याचा त्रास होता, पण घर सोडण्यास भाग पाडील असे संकट नव्हते. शिवाय जिल्ह्याचे ठाणे तेथेच असल्यामुळे शहराचा उद्योग कमी झाला नव्हता. सोय एकटी जुने शहर हलवू शकत नाही. बडनेऱ्याचे मुख्य स्थानक झाल्यावरही अमरावती जागची हलली नाही, आणि पुढे तिच्यासाठी स्वतंत्र फाटा काढावा लागला, हेही याच प्रकारचे उदाहरण होय.

गोव्याच्या निवडीला निमित्त झाले ते मराठ्यांच्या स्वारीचे. नोव्हेंबर १६८३ मध्ये छत्रपती संभाजीमहाराजांच्या सैन्याने राजधानीसमोरचेच जुवे बेट घेतले, आणि स्वतः चालून गेलेल्या व्हाइसरॉयला जीव वाचवून परतावे लागले. शहर नदीच्या आतल्या वळणावर असल्याने ते सुरक्षित आहे, हा समज त्या एका प्रसंगाने नाहीसा झाला. लागलीच राजधानी मुरगावच्या टेकडीवर नेण्याचा बेत ठरला. मुरगाव समुद्राच्या तोंडाशी, उंचावर, उत्तम बंदराचे. कागदावर पाहता याहून योग्य जागा नव्हती. बांधकामे सुरू झाली, खजिन्यातून पैसा गेला. परंतु अठराव्या शतकाच्या आरंभीची काही वर्षे रेंगाळून तो बेत शेवटी सोडून द्यावा लागला.

हे अपयश पुढील यशाइतकेच बोधक आहे. मुरगावास जायचे म्हणजे जुवारी ओलांडून सर्व व्यवहार एकदम उचलून न्यायचे. ज्यांची घरे, देवळे, देणीघेणी जुन्या शहरात गुंतली होती, त्यांना हे परवडणारे नव्हते. हुकूम वरून आला होता, आणि स्थलांतराचा खर्च मात्र रहिवाशांवर पडणार होता. अशा वेळी लोक उघड बंड करीत नाहीत, नुसते उशीर करतात, तेवढे पुरते.

दरम्यान निराळ्याच मार्गाने निवड होत होती. १६९५ मध्ये व्हाइसरॉय शहर सोडून पश्चिमेस पानेलिम येथे राहावयास गेला. तेथून पुढे मांडवीच्या काठाने रायबंदर आणि त्यापलीकडे पणजी. रायबंदर व पणजी यांना जोडणारा सुमारे तीन किलोमीटरचा बांध १६३० नंतरच्या दशकातच बांधला गेला होता. हा बांध झाला नसता तर पणजी राजधानी झाली असती की नाही, याची शंका वाटते. कारण त्याच्यामुळे जुने शहर न सोडताही नव्या ठिकाणी राहता येऊ लागले : सकाळी कामापुरते गोव्यात जावे व रात्री खुल्या वाऱ्यात निजावे. प्रथम धनिक गेले, मग अधिकारी, मग त्यांच्या मागोमाग व्यापारी. १७५९ मध्ये व्हाइसरॉयने पणजीच्या आदिलशाही वाड्यात मुक्काम हलविला, तेव्हा बरेचसे स्थलांतर आधीच होऊन गेले होते.

पणजी त्या वेळी ताळगावचा एक भाग होती. वाडा, जकातीचे ठाणे, टेकडीवरचे चर्च, कोळ्यांची घरे आणि भरतीच्या पाण्याने भरणाऱ्या खाजणी यापलीकडे तेथे फारसे काही नव्हते. म्हणून लिस्बनच्या राज्यकर्त्यांना ही निवड लाजिरवाणी वाटली असल्यास नवल नाही. १७७० नंतरच्या दशकात पोंबालच्या प्रधानकीत जुने गोवे पुन्हा उभारण्याची योजना निघाली. रस्ते साफ झाले, कामास आरंभही झाला. परंतु त्या कामावरचे मजूरच तापाने दगावू लागले, आणि योजना थांबली. शहराच्या वैभवाचा अभिमान ज्यांना होता ते समुद्रापलीकडे होते. त्यासाठी माती खणणारे मात्र त्याच विहिरींचे पाणी पीत होते. या प्रकरणात मृत मजुरांची आठवण ठेवणारे एकही स्मारक नाही, आणि चर्चांच्या भव्यतेवर लिहिणाऱ्यांनीही त्यांच्याकडे सहसा पाहिलेले नाही.

पुढचा भाग थोडक्यात सांगता येतो. दों मानुएल द पोर्तुगाल इ कास्त्रू हा १८२७ ते १८३५ या काळात गोव्याचा कारभार पाहत असता त्याने पणजीतील दलदली बुजविल्या व सरळ रस्ते आखले. १८३५ मध्ये मठसंस्था बंद करण्यात आल्या आणि जुन्या शहराचे उरलेसुरले रहिवासी गेले. ओसाड इमारतींचे घडीव दगड नव्या बांधकामांसाठी वाहून नेले गेले; एका अर्थाने पणजी ही जुन्या गोव्याच्याच दगडांची आहे. १८४२ मध्ये सेंट ऑगस्टिनच्या चर्चची कमान कोसळली, आणि पुढल्याच वर्षी, २२ मार्च १८४३ रोजी, राजाज्ञेने पणजीस ‘नोव्हा गोवा’ या नावाने शहराचा दर्जा मिळाला. व्हाइसरॉय राहावयास गेल्यापासून राजधानी म्हणून मान्यता मिळेपर्यंत चौऱ्याऐंशी वर्षे गेली होती.

जुन्या गोव्याची चर्चे व मठ १९८६ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाले, आणि ज्या शहरात राहणे अशक्य झाले होते तेथे आता दिवसभर प्रेक्षकांची गर्दी असते. पणजीचा निवांतपणाही टिकलेला नाही. खाजणी भरून वस्ती वाढली, पावसाळ्यात भरतीच्या वेळी सखल भागांतील रस्त्यांवर पाणी साचते, वाहनांना जागा पुरत नाही. विधानसभा आदिलशाही वाड्यातून २००० साली मांडवीपलीकडे पर्वरीच्या पठारावर गेली. उच्च न्यायालयाचे खंडपीठही २०२१ मध्ये तिकडेच हलले. या वेळीही आधी पूल झाला आणि कचेऱ्या त्यामागून गेल्या.